कोपिष्ट कवीचा क्षमाधर्म

दापोली तालुक्यातील बुरोंडीला समुद्राकडे पाहणारा परशुरामाचा भव्य पुतळा आहे. पित्याच्या वधाचा सूड म्हणून एकवीस वेळा पृथ्वी निःक्षत्रिय करणाऱ्या आणि अखेर ती दान करून सागराकडून कोकणची भूमी मिळवणाऱ्या परशुरामाची कथा या किनाऱ्यावरील चित्पावनांना आपली वाटते. याच तालुक्यातील करजगावी, अशाच एका चित्पावन घराण्यात, ६ डिसेंबर १८६१ रोजी नारायण वामन टिळकांचा जन्म झाला. त्यांच्या आयुष्याला वळण दिले ते मात्र वैऱ्यावरही प्रेम करण्याच्या शिकवणीने.

आईच्या निधनानंतर ते लहानपणीच घर सोडून नाशिकला गेले. तेथे गणेशशास्त्री लेले यांच्याकडे त्यांचे संस्कृतचे अध्ययन झाले. स्वभाव उदार, लहरी आणि कमालीचा शीघ्रकोपी.

१८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपीय प्रवाशाने त्यांना ‘नवा करार’ भेट दिला. मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनापाशी येऊन टिळक थबकले. डोळ्याबद्दल डोळा हा जुना न्याय बाजूला सारून छळणाऱ्यासाठीही प्रार्थना करायला सांगणारा हा उपदेश या संतापी पंडिताला सोडवेना. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

खरी कसोटी त्यानंतरची. आप्तेष्ट दुरावले, पत्नी लक्ष्मीबाई मुलाला घेऊन माहेरच्या माणसांच्या आश्रयाला गेल्या. ही ताटातूट काही वर्षे चालली. टिळकांनी कटुतेला कटुतेने उत्तर दिले नाही. पत्रे आणि कविता पाठवीत ते वाट पाहत राहिले. लक्ष्मीबाई अहमदनगरला आल्या तेव्हाही त्यांच्या सोवळ्याओवळ्याला त्यांनी हात लावला नाही. स्वतःच्या विचाराने जातिभेद टाकून त्यांनी १९०० साली बाप्तिस्मा घेतला.

राग मात्र गेला नाही. ‘स्मृतिचित्रे’त लक्ष्मीबाईंनी पतीचे हे तापटपण काहीही न लपवता, पण हसतमुखाने नोंदवले आहे. क्षमा हा टिळकांचा स्वभाव नव्हता, ती रोजची साधना होती. म्हणूनच त्यांचे चरित्र साधुचरित्रांहून अधिक जवळचे वाटते.

१९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ मांडला. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य अकराव्या अध्यायातच थांबले होते. पुढील ६४ अध्याय, एकेकाळी या धर्मांतराने उन्मळून पडलेल्या लक्ष्मीबाईंनी रचले.