निषादाचा शोक

पोंभुर्ण्याहून समुद्र फार दूर आहे; मासेमार मात्र दूर नाही. चंद्रपूर जिल्ह्याच्या या भागात, वैनगंगेच्या पात्रात आणि मालगुजारीच्या काळापासून चालत आलेल्या तलावांवर, ढिवर समाज पिढ्यान् पिढ्या जाळे टाकीत आला आहे. कोणत्या डोहात कोणती मासळी वसते, पिलांचा थवा सांभाळीत फिरणारी मरळ कशी ओळखावी, हे ज्ञान त्याला कोणत्याही शाळेने दिलेले नाही. ज्या जिवाला मारून पोट भरावयाचे त्याच जिवाची इतकी जवळून ओळख असावी, हा विरोध त्याच्या नित्याच्या जगण्याचाच भाग आहे. १९६५ साली पु. ल. देशपांडे यांनी ‘एका कोळियाने’ या नावाने अर्नेस्ट हेमिंग्वेची छोटी कादंबरी मराठीत आणली, तेव्हा हाच विरोध मराठी वाचकासमोर कथारूपाने उभा राहिला.

या कथेचे तात्पर्य वर्गात बहुधा एका वाक्यात सांगितले जाते. माणसाचा पराभव होऊ शकतो, पण त्याची जिद्द मरत नाही, असे ते तात्पर्य. ते खोटे नाही; पण अपुरे खचितच आहे. जिद्दीच्या कथा हेमिंग्वेने पूर्वीही लिहिल्या होत्या. मारणाऱ्याला मारलेल्या जिवाविषयी शोक करण्याचा अधिकार आहे काय, हा या कथेतील खरा प्रश्न आहे, आणि त्यापर्यंत पोहोचावयास लेखकाला पन्नासहून अधिक वर्षांचे आयुष्य खर्ची घालावे लागले.

हेमिंग्वेचा जन्म २१ जुलै १८९९ रोजी अमेरिकेत, शिकागोजवळील ओक पार्क येथे झाला. वडील डॉक्टर होते. उन्हाळ्यात कुटुंब मिशिगनच्या उत्तर भागातील वालून सरोवराकाठी जाऊन राही, आणि तेथेच वडिलांनी मुलाच्या हाती गळ आणि बंदूक दिली. शालेय शिक्षण आटोपल्यावर त्याने कॅन्सस सिटीतील एका वृत्तपत्रात काही महिने बातमीदारी केली. पहिल्या महायुद्धात तो रेड क्रॉसच्या रुग्णवाहिकेवर इटलीत गेला आणि जुलै १९१८ मध्ये, वयाची एकोणीस वर्षे पुरी होण्याच्या आधीच, तोफगोळ्याच्या स्फोटात गंभीर जखमी झाला.

त्या जखमेनंतर त्याने लिहिलेली मासेमारीची एक कथा १९२५ साली प्रसिद्ध झाली. युद्धावरून परतलेला निक नावाचा तरुण एकटाच नदीवर ट्राउट मासे धरावयास जातो, एवढेच तिचे कथानक. युद्धाचा शब्दही तीत नाही. लहान मासा पाण्यात परत सोडण्यापूर्वी निक आपला हात ओला करून घेतो, कारण कोरड्या हाताच्या स्पर्शाने माशाच्या अंगावरील नाजूक थर निघून जातो आणि तेथे बुरशी धरते. युद्धात माणसे किड्यामुंगीप्रमाणे मेलेली पाहून आलेला हा तरुण एका माशाच्या त्वचेला जपतो. पुढच्या मोठ्या कथेचे बीज या ओल्या हातात आहे.

परंतु बीज रुजण्यापूर्वी बराच काळ गेला. १९२६ आणि १९२९ सालच्या कादंबऱ्यांनी त्याला कीर्ती दिली, आणि कीर्तीबरोबर पराक्रमाचा हव्यासही आला. १९३४ साली त्याने ‘पिलार’ ही अडतीस फुटी बोट घेतली. भल्या थोरल्या माशाशेजारी उभा असलेला दाढीविरहित, रुंद छातीचा हेमिंग्वे त्या वर्षांतील छायाचित्रांत दिसतो. १९३५ साली बहामातील बिमिनी बेटाजवळ मित्राच्या गळाला लागलेल्या प्रचंड मार्लिनवर शार्क चालून आले, तेव्हा त्याने त्यांच्यावर मशीनगन चालविली. सांडलेल्या रक्तामुळे आणखी शार्क गोळा झाले आणि मासा अर्धाअधिक खाल्ला गेला. सामर्थ्याच्या गर्वाचे इतके नेमके फळ क्वचितच कोणाच्या पदरी पडले असेल.

त्याच सुमारास तो क्यूबातील मच्छीमारांकडून शिकतही होता. १९३६ साली ‘एस्क्वायर’ मासिकातील लेखात त्याने तेथे ऐकलेली एक हकीकत नोंदविली. एका वृद्ध मच्छीमाराने मोठा मार्लिन धरला. माशाने त्याची होडी दूर समुद्रात ओढीत नेली. शार्कांनी मासा तोडला. दोन दिवसांनी किनाऱ्याच्या पूर्वेस साठ मैलांवर तो सापडला तेव्हा माशाचा निम्म्याहून कमी भाग उरला होता, तरी त्याचे वजन आठशे पौंड भरले. आणि म्हातारा नुकसानीने अर्धवेडा होऊन रडत होता.

या काही ओळींची कादंबरी होण्यास पंधरा वर्षे लागली. १९३९ पासून हेमिंग्वे हवानाजवळ राहू लागला होता आणि कोहिमार या मच्छीमारांच्या गावाशी त्याचा घरोबा जडला होता. १९५० साली आलेल्या त्याच्या कादंबरीवर टीकाकारांनी कठोर प्रहार केले आणि हा लेखक संपला, असे बोलले जाऊ लागले. १९५१ च्या आरंभी तो जुन्या हकीकतीकडे वळला आणि अवघ्या काही आठवड्यांत कथा लिहून हातावेगळी केली. १ सप्टेंबर १९५२ च्या ‘लाइफ’ नियतकालिकात ती संपूर्ण छापली गेली. त्या अंकाच्या पन्नास लाखांहून अधिक प्रती दोन दिवसांत खपल्या. १९५३ साली पुलित्झर आणि १९५४ साली नोबेल पारितोषिक तिच्यामागून आले.

हकीकतीतला म्हातारा नुकसानीसाठी रडला होता. कादंबरीतला सांतियागो चौऱ्याऐंशी दिवस रिकाम्या हाताने परतला आहे. लागलेल्या माशाचा भाव तोही मनात मोजतो. तरी तो त्या माशाला भाऊ मानतो आणि त्याला खाणारे लोक तेवढ्या योग्यतेचे आहेत काय, असा प्रश्न स्वतःस विचारतो. केवळ पोटासाठी नव्हे, तर मच्छीमार म्हणून वाटणाऱ्या अभिमानापायीही आपण त्याला मारले, ही कबुली तो लपवीत नाही. अखेरीस शार्कांनी लचके तोडलेल्या माशाची तो क्षमा मागतो, ती किनाऱ्यापासून मर्यादेबाहेर दूर गेल्याबद्दल. बिमिनीच्या मशीनगनवाल्याने दिलेली ही कबुली आहे, असे म्हटले तर वावगे होणार नाही.

सांतियागोला एक जुनी आठवण छळते. मार्लिनच्या जोडीतील मादी गळाला लागली असता नर शेवटपर्यंत होडीजवळून हलला नव्हता. भारतीय वाचकाला येथे क्रौंचवधाचे स्मरण झाल्यावाचून राहणार नाही. परंतु दोहोंत मोठा भेद आहे. रामायणात शोक पाहणाऱ्या ऋषीला होतो आणि निषादाच्या वाट्याला शाप येतो; निषादाच्या अंतःकरणात काय झाले हे कोणी विचारीत नाही. हेमिंग्वेच्या कथेत शोक निषादालाच होतो, आणि म्हणून तो अधिक जड आहे; कारण दुसऱ्या दिवशी त्याला पुन्हा होडी पाण्यात लोटावयाची असते.

जानेवारी १९५४ मध्ये आफ्रिकेत झालेल्या दोन विमान अपघातांनी हेमिंग्वेचे शरीर मोडले. नोबेल पारितोषिक घेण्यास तो जाऊ शकला नाही. पदक त्याने क्यूबाच्या जनतेला अर्पण केले, आणि ते एल कोब्रे येथील मातेच्या देवळात ठेवले गेले. मासा मिळाल्यास याच मातेच्या यात्रेचा नवस सांतियागोने बोलला होता. १९६० साली त्याने क्यूबा सोडले. देहाबरोबर मनही आजारी पडले होते, उपचारांना यश आले नाही, आणि २ जुलै १९६१ रोजी आयडाहोतील केचम येथे त्याने स्वतःच्या हाताने जीवनाचा अंत केला. कोहिमारच्या मच्छीमारांनी मग आपापल्या होड्यांचे पितळी सुटे भाग दिले आणि ते वितळवून त्याचा अर्धपुतळा घडविला. नोबेलहून हा सन्मान लहान मानण्याचे कारण नाही.

कथेच्या शेवटी किनाऱ्यावरचे प्रवासी तो सांगाडा पाहतात आणि तो शार्कचा असल्याचा समज करून घेतात. पुस्तके वाचणाऱ्यांचीही पुष्कळदा हीच गत होते. ‘एका कोळियाने’ वाचलेला शिक्षक पोंभुर्ण्याच्या वर्गात उभा राहतो तेव्हा समोरच्या बाकावर एखादा ढिवराचा मुलगा बसलेला असण्याचा संभव मोठा आहे. मासा धरताना हात ओला का करावा, मरळ पिलांसह दिसली तर काय करावे, हे वर्गाला सांगण्याचा पहिला अधिकार त्याचा आहे. मानोलिन हा पोर सांतियागोपाशी शिकावयास परत आला होता. येथे शिकावयाचे कोणी, याचा विचार शिक्षकाने करावयाचा आहे.