कॅन्सरचे मूळ शोधणारे डॉ. खानोलकर



या वेळी गुरुजींनी आम्हाला थोर माणसाचे चरित्र लिहायला सांगितले. कोणी शिवाजी महाराज घेतले, कोणी सावित्रीबाई घेतल्या. मी डॉ. वसंत रामजी खानोलकर घेतले. का घेतले ते आधी सांगते.

मागच्या वर्षी माझ्या चुलत आजीला तोंडाचा कॅन्सर झाला. गालाच्या आत गाठ आली होती. आजी लहानपणापासून मिसरी लावायची. गावात ही गोष्ट कळली तशा आळीतल्या बाया आमच्याकडे यायच्या बंद झाल्या. कोणी म्हणे हा रोग जडतो, कोणी म्हणे त्या घरचं पाणी पिऊ नका. आमच्या घरातसुद्धा आजीचा पेला आणि ताटली निराळी ठेवली. मी रोज आजीच्या गोधडीत झोपायची, तेही बंद केलं. आजी काही बोलत नव्हती, पण रात्री रडायची. मी गुरुजींना विचारले की कॅन्सर खरंच जडतो का. गुरुजी नाही म्हणाले, आणि त्यांनी मला डॉ. खानोलकरांची गोष्ट सांगितली.

डॉ. खानोलकर यांचा जन्म १३ एप्रिल १८९५ रोजी झाला. ते फार हुशार होते. लंडन विद्यापीठाची एम. डी. ही मोठी पदवी त्यांनी १९२३ साली मिळवली. त्यांचा विषय होता विकृतिशास्त्र. म्हणजे रोग्याच्या अंगातला बारीक तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचा आणि रोग कोणता, तो कसा झाला हे बघायचे. परत आल्यावर त्यांनी मुंबईच्या डॉक्टरी कॉलेजांत पुष्कळ विद्यार्थी शिकवले. आपल्या देशात त्यांना विकृतिशास्त्राचे जनक म्हणतात.

२८ फेब्रुवारी १९४१ रोजी मुंबईला परळ येथे टाटा मेमोरियल हॉस्पिटल सुरू झाले. ते खास कॅन्सरसाठी होते. तिथल्या प्रयोगशाळांचे काम डॉ. खानोलकर बघत. तिथे लांबलांबून रोगी येत. डॉक्टरसाहेब नुसती गाठ बघत नसत. हा माणूस कुठला, काय खातो, काय ओढतो, काय नेसतो याचाही विचार करत.

१९४५ साली त्यांनी आणि डॉ. सूर्याबाई यांनी मिळून एक लेख छापला. त्यात लोकांच्या सवयींमुळे होणारे तीन प्रकारचे कॅन्सर सांगितले होते. आंध्रात समुद्राकडचे काही लोक चुट्टा नावाची विडी उलटी ओढत. म्हणजे जळतं टोक तोंडात! त्यांना टाळूला कॅन्सर होई. बिहारकडचे लोक तंबाखू आणि चुना मळून ओठाच्या आत धरून ठेवत. त्यांना ओठाला कॅन्सर होई. तिसरा प्रकार धोतराचा. कमरेला वर्षानुवर्षे घट्ट गाठ बांधून कातडी घासायची, आणि कोणाकोणाला तिथेच कॅन्सर होई.

मित्रांनो, आता विचार करा. हा रोग शेजाऱ्यापासून आला असता तर कुठेही झाला असता. पण जिथे तंबाखू धरली तिथे ओठाला झाला, आणि जिथे विडीचा चटका बसला तिथे टाळूला झाला.

गुरुजींनी मला कारणही समजावले. आपले शरीर लहान लहान पेशींचे बनलेले आहे. त्यातली आपलीच एखादी पेशी बिघडते आणि भराभरा वाढत सुटते. तो कॅन्सर. दुसऱ्याची पेशी आपल्या अंगात आली तर आपले शरीर तिला परकी म्हणून ओळखते आणि मारून टाकते. म्हणून एका ताटात जेवल्याने, हात लावल्याने, जवळ झोपल्याने कॅन्सर जडत नाही. एक गोष्ट मात्र खरी आहे. काही विषाणू जडतात आणि त्यातून पुष्कळ वर्षांनी कॅन्सर होऊ शकतो. ब प्रकारची कावीळ तशी आहे. ती रक्तातून जडते आणि पुढे यकृताचा कॅन्सर होऊ शकतो. म्हणून तर बाळाला जन्मल्याबरोबर तिची लस देतात. आणि सगळेच कॅन्सर सवयीने होतात असेही नाही. लहान मुलांनासुद्धा होतो. त्यात कोणाचा दोष नसतो.

१९५२ साली मुंबईत भारतीय कॅन्सर संशोधन केंद्र सुरू झाले. ते डॉ. खानोलकरांनी उभे केले. आपल्या पुण्यात जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे या त्यांच्याच विद्यार्थिनी. त्यांनीही कॅन्सरवर मोठे संशोधन केले. डॉ. खानोलकरांनी कुष्ठरोगाचाही अभ्यास केला. त्या रोग्यांनाही लोक लांब ठेवत. पुढे ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले. सरकारने त्यांना पद्मभूषण दिले. २९ ऑक्टोबर १९७८ रोजी ते वारले. नव्या मुंबईत खारघरला कॅन्सर संशोधनाची मोठी संस्था आहे. तिथल्या एका इमारतीला खानोलकर शोधिका असे नाव दिले आहे.

मी हे सगळं घरी जाऊन सांगितलं. आईने त्याच दिवशी आजीचा पेला आमच्या पेल्यांत मिसळून टाकला. आजीचे ऑपरेशन झाले आहे. तिला मऊ भात लागतो. आता मी परत तिच्या गोधडीत झोपते. आजीने मिसरीचा डबा उकिरड्यावर फेकला.

माझे वडील चाकणला कंपनीत जातात. रातपाळीला झोप येऊ नये म्हणून तंबाखू चुना लावून खातात. ती बिहारच्या लोकांसारखीच ओठात धरतात. त्यांनी पुडी अजून सोडली नाही. ते आज हे वाचायला येणार आहेत, म्हणून मी मोठ्या अक्षरात लिहिले आहे.

आईवडिलांनो, आजारी माणसाला लांब ठेवू नका. तंबाखूला लांब ठेवा.



– इयत्ता ४ थी मधील एक विद्यार्थिनी