नांगरातून उभे राहिलेले गाव

लाकडी नांगर बरा की लोखंडी, या शेतकऱ्यांच्या वादातून महाराष्ट्राच्या यंत्रोद्योगाची पायाभरणी झाली. त्या लोखंडी नांगराचे निर्माते लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्म 20 जून 1869 रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. चित्रकार होण्यासाठी ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. परंतु रंग ओळखण्यातील दोषामुळे यंत्ररेखाटनाकडे वळले. पुढे अध्यापनाची नोकरी सोडून बेळगावात त्यांनी बंधू रामुअण्णांसह सायकली विकल्या, कडबा कापण्याची यंत्रे बनविली आणि अखेर नांगर हाती घेतला.

लोखंडामुळे जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले सहा नांगर खपायला दोन वर्षे लागली. मात्र लोखंडी फाळ खोलवर जाऊन माती उलथतो, हे अनुभवास येताच शंका मावळू लागली.

बेळगावातील जागा सोडावी लागली, तेव्हा औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी मदतीचा हात पुढे केला. आज सातारा जिल्ह्यात असलेल्या औंधच्या या संस्थानिकाने कुंडल रोड स्थानकाजवळचे माळरान दिले. निवडुंगाने भरलेल्या त्या ओसाड जागेवर 1910 मध्ये किर्लोस्करवाडी वसली. ती आता सांगली जिल्ह्यात आहे. पहिल्या महायुद्धात लोखंड दुर्मीळ झाले असता कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी दिलेल्या जुन्या तोफा वितळवून तेथे नांगर घडविण्यात आले.

26 सप्टेंबर 1956 रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले. ज्या नांगराला प्रारंभी गिऱ्हाईक मिळेना, त्याच नांगराने माळावर एक गाव वसविले होते.