न दिसणारी दोरी

एखाद्या मैदानावर तुम्ही खेळण्यातले लहान विमान उडताना पाहिले असेल. ते उडवणाऱ्याच्या हातात एक पेटी असते. तिला ट्रान्समीटर म्हणतात. पेटीवरचा दांडा हलवला की आकाशातले विमान वळते. मध्ये ना तार असते, ना दोरी. मग विमानाला हुकूम कोण पोहोचवतो? रेडिओलहरी! अशा लहरींनी यंत्र चालवून दाखवणाऱ्या पहिल्या शास्त्रज्ञांपैकी एक होते निकोला टेस्ला.

टेस्लांचा जन्म १० जुलै १८५६ रोजी स्मिल्यान या खेड्यात झाला. हे गाव आज क्रोएशिया देशात आहे. वडील धर्मगुरू होते. मुलानेही धर्मगुरू व्हावे, अशी त्यांची इच्छा होती. आईला लिहिता-वाचता येत नव्हते. पण घरकामाची अवजारे त्या स्वतः बनवीत. १८७३ साली टेस्ला कॉलऱ्याने अंथरुणाला खिळले. ते वाचतील, असे कोणाला वाटत नव्हते. तेव्हा वडिलांनी त्यांना इंजिनिअरिंग शिकू देण्याचे वचन दिले. टेस्ला बरे झाले आणि वडिलांनी शब्द पाळला.

१८८४ साली टेस्ला न्यूयॉर्कला आले. तेथे त्यांनी पोटासाठी खड्डेदेखील खोदले. पुढे १८८८ मध्ये विजेच्या मोटारीच्या शोधामुळे त्यांचे नाव झाले. पण १३ मार्च १८९५ रोजी त्यांच्या प्रयोगशाळेला आग लागली. अनेक वर्षांची यंत्रे आणि टिपणे जळून गेली. टेस्ला खचले नाहीत. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

तीनच वर्षांनी, १८९८ मध्ये, न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये लोक एका हौदाभोवती जमले. पाण्यात एक लहान नाव होती. टेस्ला दूर उभे राहून हुकूम देत आणि नाव वळे, थांबे, दिवे लावी. नावेत शिकवलेले माकड लपले आहे, असेही काही जणांना वाटले!

नावेत माकड नव्हते. तेथे धातूच्या किसाने भरलेली एक नळी होती. रेडिओलहर आली की त्या किसातून वीज वाहू लागे आणि एक चकती एक घर पुढे सरके. पहिल्या इशाऱ्याला सुकाणू एका बाजूला वळे, दुसऱ्याला थांबे, तिसऱ्याला उलट बाजूला वळे, चौथ्याला पुन्हा थांबे. हा क्रम चालवणाऱ्याला पाठ असावा लागे. क्रम चुकला की नाव भलतीकडेच जाई.

आणखी एक अडचण होती. दुसऱ्याच कोणाची लहर नावेला लागली तर? बँकेतला लॉकर उघडायला दोन किल्ल्या लागतात. टेस्लांनी तशीच युक्ती शोधली. दोन वेगवेगळ्या लहरी एकत्र आल्या, तरच यंत्राने हुकूम मानावा, अशी रचना त्यांनी केली.

अमेरिकेच्या सरकारने त्या वेळी नावेत रस घेतला नाही. नंतर टेस्लांजवळ पैसाही उरला नाही. ७ जानेवारी १९४३ रोजी न्यूयॉर्कमधील एका हॉटेलच्या खोलीत त्यांचे निधन झाले. तेव्हा त्यांच्याजवळ कोणी नव्हते. पुढे १९६० मध्ये चुंबकीय क्षेत्र मोजण्याच्या एककाला जगाने टेस्ला हे नाव दिले.

मित्रांनो, आज विमान उडवायला शिकणारा मुलगा आधी ट्रान्समीटर आणि विमानातला रिसीव्हर यांची ओळख करून देतो. म्हणजे विमान दुसऱ्याचा हुकूम ऐकत नाही. कोणता दांडा काय करील, हे तो ठरवतो. इशारा तुटला तर मोटार बंद पडावी, हेही तो आधीच सांगून ठेवतो. हे सारे जमिनीवर तपासल्यावरच तो विमान सोडतो. तुम्ही असे विमान हाती घ्याल, तेव्हा घाई करू नका. यंत्र आपल्या मनातले ओळखत नाही. आपण जो हुकूम देतो, तोच ते पाळते. म्हणून हुकूम देण्यापूर्वी विचार करायचा असतो तो आपणच.