बंधू बख्तसिंग आणि फाडलेले पवित्र शास्त्र

हैदराबाद शहरात गोवळकोंडा चौरस्त्याजवळ ‘हेब्रोन’ नावाचे एक प्रार्थनास्थान आहे. मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातच होता, तेव्हा हे शहर आमच्या पुष्कळ वाचकांना परके नाही. १९५० च्या सुमारास ज्यांनी हे स्थान सुरू केले ते बंधू बख्तसिंग तेलुगू भाषक नव्हते, आणि जन्माने ख्रिस्तीही नव्हते. त्यांचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात देत आहोत.

त्यांचा जन्म ६ जून १९०३ रोजी पंजाबातील जोइया या गावी झाला. हे गाव आता पाकिस्तानात आहे. घर सुखवस्तू, वळण शिखांचे, आणि मुलाला आपल्या धर्माचा कडवा अभिमान. शिक्षण मात्र मिशनच्या शाळेत झाले. परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर त्यांना पवित्र शास्त्राची एक सुंदर प्रत बक्षीस मिळाली. तरुण बख्तसिंगांनी आतली पाने फाडून टाकली व चामड्याचे सुबक कव्हर तेवढे ठेवून घेतले.

ही गोष्ट उपदेशातून ऐकताना मंडळीतील लोक हळहळतात. आम्हीही हळहळलो आहोत. पण आमच्यापैकी कितीतरी घरांत आजोबांच्या वेळचे शास्त्र कपाटात आहे, पहिल्या पानावर बाप्तिस्म्यांच्या तारखा आहेत, आणि पुढची पाने वर्षानुवर्षे कोणी उलटलेली नाहीत. बख्तसिंगांनी निदान रागाने तरी ते उघडले होते!

पुढे त्यांना विलायतेस जाऊन इंजिनिअर व्हायचे होते. वडिलांचा विरोध होता. मुलगा तिकडे जाऊन ख्रिस्ती होईल ही त्यांना धास्ती. आईने मध्ये पडून परवानगी मिळवून दिली, पण धर्म बदलणार नाही असे वचन मुलाकडून घेतले. त्यांनी ते आनंदाने दिले, कारण ते मोडण्याचा प्रसंग येईल हे त्यांच्या स्वप्नातही नव्हते. १९२६ साली ते लंडनला गेले. तेथे ख्रिस्ताने नव्हे, तर तिकडच्या राहणीने त्यांना जिंकले. केस कापले, सिगारेट आली, मद्य आले. आईला दिलेले वचन शब्दशः शाबूत होते, आणि ज्या धर्मासाठी ते दिले तो धर्म मात्र हळूहळू हातून सुटत होता.

१९२८ च्या उन्हाळ्यात ते बोटीने कॅनडास निघाले होते. बोटीवर उपासना होती, आणि ते केवळ इतरांबरोबर म्हणून जाऊन बसले. प्रार्थनेच्या वेळी सर्वांनी गुडघे टेकले. आता काय करावे? राष्ट्राचा अभिमान, धर्माचा अभिमान, विद्येचा अभिमान, सगळे एकदम उभे राहिले. उठून जावे तर अशिष्टपणा होईल, म्हणून शिष्टाचारापुरते त्यांनीही गुडघे टेकले. आणि त्याच क्षणी एका सामर्थ्याने आपणाला वेढले असे त्यांना जाणवले. अंतःकरण आनंदाने भरून आले, आणि ज्या नावाचा तिटकारा होता ते येशूचे नाव ओठांवर येऊ लागले. त्यांना कोणी उपदेश केला नव्हता, कोणी वाद घातला नव्हता. त्यांनी काही शोधलेही नव्हते. कृपा म्हणजे काय हे आमच्या प्रश्नोत्तरावलीत आम्ही पाठ केले. या मनुष्याला ते बोटीच्या फरशीवर कळले.

त्यानंतरही वर्षाहून अधिक काळ गेला. १९२९ च्या डिसेंबरात विनिपेग शहरी शेती-इंजिनिअरिंग शिकत असताना त्यांनी एका ख्रिस्ती मित्राकडे शास्त्र मागितले. मित्राने खिशातला छोटा नवा करार दिला. बख्तसिंग तो घेऊन खोलीत बसले ते रात्र सरत आली तरी उठले नाहीत. दुसऱ्या दिवशी बाहेर बर्फ होते, वाचन पुन्हा सुरू झाले. योहानाच्या तिसऱ्या अध्यायात, निकदेमाला प्रभू पुन्हा जन्मण्याविषयी सांगतो तेथे ते थांबले. आपले पाप त्यांना प्रथमच दिसले, आणि ख्रिस्ताचे रक्त आपल्याही पापाकरिता सांडले हेही. तो दिवस १६ डिसेंबरचा. एकेकाळी पाने फाडणारा मनुष्य पुढे उभ्या आयुष्यात दुसरे पुस्तक फारसे हाती धरीनासा झाला. ४ फेब्रुवारी १९३२ रोजी व्हँकुव्हर येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला.

६ एप्रिल १९३३ रोजी ते मुंबई बंदरात उतरले. मुलाला सुमारे सात वर्षांनी पाहण्यासाठी आईवडील पंजाबातून आले होते. त्यांची मागणी फार मोठी नव्हती. तू मनात काय मानायचे ते मान, पण घराण्याच्या अब्रूसाठी बाहेर बोलू नको, एवढेच. आम्हाला त्या आईबापांचा राग येत नाही. ‘स्मृतिचित्रे’ वाचलेल्यांना माहीत आहे की १८९५ मध्ये टिळकांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाईंवर काय ओढवले. पण ख्रिस्त हा आता आपला श्वास आहे, श्वास लपवून कसे जगावे, अशा अर्थाचे उत्तर बख्तसिंगांनी दिले. आईवडील परत गेले. मुलगा मुंबईत राहिला, घर नाही, पैसा नाही. कोणत्याही संस्थेचे वेतन घ्यायचे नाही आणि आपली गरज देवाखेरीज कोणाला सांगायची नाही, असा निश्चय त्यांनी आधीच केला होता.

नंतरचे कार्य पुष्कळांस ठाऊक आहे. कराचीच्या सफाई कामगारांच्या वस्तीत ते शुभवर्तमान सांगत हिंडले. १९३७ साली पंजाबातील मार्टिनपूर येथे मोठे संजीवन झाले. १९४१ मध्ये मद्रासला ‘यहोवा-शाम्मा’ची सुरुवात झाली, आणि त्यानंतर हैदराबाद. हेब्रोनच्या वार्षिक मेळाव्यांत मांडवाखाली हजारो लोक चटयांवर बसत आणि एकाच पंक्तीत जेवत. तेथे कोणाची जात विचारली जात नव्हती. वर्गणीचे आवाहन नव्हते. बख्तसिंग बोलत, दुभाषी भाषांतर करीत. रस्त्यांतून वचनांचे फलक घेऊन मिरवणूक निघे.

एक गोष्ट लपवू नये. त्यांच्या मंडळ्या जुन्या मिशनांपासून वेगळ्या उभ्या राहिल्या, आणि कित्येक पाळकांना आपली माणसे तिकडे गेलेली पाहावी लागली. त्याचे दुःख खरे होते, आणि त्या वेगळेपणात सर्व योग्यच होते असे आम्ही म्हणणार नाही. पण जी माणसे गेली ती बहुधा भुकेली गेली. ती भूक आपल्या उपासनेत का भागत नव्हती, हा प्रश्न बख्तसिंगांना विचारून उपयोग नव्हता.

शेवटची अनेक वर्षे ते कंपवाताने हेब्रोनमध्येच अंथरुणावर होते. ज्यांच्या प्रवचनांना हजारो जमत, त्यांना बोलणेही कठीण झाले होते. बंधुभगिनी आळीपाळीने सेवा करीत. १७ सप्टेंबर २००० रोजी, वयाच्या ९७ व्या वर्षी, ते प्रभूत निजले. अफाट जनसमुदायाच्या उपस्थितीत नारायणगुडा येथील दफनभूमीत त्यांना पुरले.