टब उपडा करणारे डॉक्टर



पावसाळा आला की आपल्या कुटुंब-समूहांवर कुणाच्या ना कुणाच्या तापाचा निरोप येतोच. म्हणून या वेळी आम्ही सर रोनाल्ड रॉस यांचं चरित्र घेतलं आहे. हे काही संत नव्हते. स्वभावाने तापट, श्रेयासाठी भांडणारे. पण हाती घेतलेलं काम त्यांनी सोडलं नाही.

त्यांचा जन्म १३ मे १८५७ चा, अल्मोड्याचा. वडील फौजेत अधिकारी. मुलाचा ओढा कविता, चित्रं आणि संगीताकडे; पण वडिलांच्या इच्छेखातर तो डॉक्टर झाला आणि १८८१ साली इकडे सरकारी नोकरीत आला.

१८८३ मध्ये ते बंगळूरला होते. बंगल्यात डासांनी हैराण केलं. पाहतात तर खिडकीबाहेरच्या पाण्याच्या टबात अळ्या वळवळत होत्या. टब उपडा केला आणि डास कमी झाले! बाकीची भांडीही रिकामी करू या, असं त्यांनी सुचवलं. पण तिथल्या अधिकाऱ्याने ते मनावर घेतलं नाही. डासांचा हिवतापाशी काही संबंध असेल, हे तेव्हा खुद्द रॉसनाही ठाऊक नव्हतं. हा ताप खराब हवेने येतो, अशीच समजूत होती.

१८९४ मध्ये रजेवर लंडनला गेले असता डॉ. पॅट्रिक मॅन्सन यांनी त्यांना रक्तातले हिवतापाचे जंतू दाखवले आणि डासांवर संशय बोलून दाखवला. रॉसनी तो ध्यास घेतला. पुढच्या वर्षी ते सिकंदराबादला आले. डास पकडायचे, चिरायचे, सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे. उकाड्यात पंखाही नाही, कारण वाऱ्याने डास उडून जात. घामाने सूक्ष्मदर्शकाचे स्क्रू गंजले. जवळजवळ दोन वर्षं हाती काही लागलं नाही, कारण डासांची जातच वेगळी होती.

अखेर ठिपकेदार पंखांचे डास मिळाले. हुसेन खान नावाच्या रुग्णाने दर डासामागे एक आणा घेऊन ते स्वतःला चाववून घेतले. २० ऑगस्ट १८९७ रोजी अशाच एका डासाच्या जठरात रॉसना जंतूंची वाढ दिसली. आपल्या हैदराबादच्या मंडळींना बेगमपेठेतली ती इमारत माहीत असेलच. पुढे कलकत्त्याला पक्ष्यांवर प्रयोग करून त्यांनी जंतूंचा डासाच्या लाळेपर्यंतचा प्रवास दाखवला. माणसातला हिवतापही असाच पसरतो, हे इटलीच्या शास्त्रज्ञांनी सिद्ध केलं. १९०२ मध्ये रॉसना नोबेल मिळालं. तरी ते साचलेलं पाणी काढून टाका, हेच देशोदेशी सांगत राहिले. १६ सप्टेंबर १९३२ ला ते गेले.

आपण यातून काय घ्यायचं? हिवतापाचा डास बहुधा स्वच्छ, साचलेल्या पाण्यातच अंडी घालतो. आपलं अंगण झाडलेलं, देवघर लख्ख. पण गच्चीवरच्या टाकीला झाकण नाही, असं तर नाही ना? अंड्याचा डास व्हायला आठवडा-दहा दिवस लागतात. तेव्हा आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळू या. पिंप, रांजण, कुंड्यांखालच्या ताटल्या रिकाम्या करून घासू या. टाकी झाकू या. हौद, विहिरीत गप्पी मासे सोडू या. आणि ताप आलाच तर अंगारा लावून घरी थांबू नका, त्याच दिवशी रक्त तपासून घ्या.

शेजारच्या दारातलं पिंपही बघा. डासाला कुंपण नसतं, सेवेलाही नसावं.

जय गुरुदेव!