कानांसाठी लिहिणारा कवी

आपल्या एग्मोरमध्ये १९३८ साली मद्रास नभोवाणी केंद्र सुरू झाले. नभोवाणीच्या श्रोत्याला मागचे पान उलटता येत नाही. शब्द एकदाच कानी पडतो. हे मर्म पुरते जाणणारे कविवर्य म्हणजे ग. दि. माडगूळकर.

त्यांचा जन्म १ ऑक्टोबर १९१९ रोजी शेटफळे येथे झाला. शिक्षण अपुरे राहिले. चरितार्थ चित्रपटलेखनावर चालला. १९५५-५६ साली पुणे केंद्रासाठी त्यांनी ‘गीतरामायणा’ची ५६ गीते रचली, त्यांना स्वरसाज चढविला सुधीर फडके यांनी. आठवड्यास एक गीत, बहुधा एकाच पात्राच्या मुखी, ऐकताक्षणी उमजणारे.

१४ डिसेंबर १९७७ रोजी ते निवर्तले. परप्रांती वाढलेल्या आपल्या मुलांना मराठी वाचणे जड जाते. कानांची वाट मात्र अजून मोकळी आहे. ती आपण बुजू देऊ नये.